पोथ्यांचीं छायाचित्रें व रंगाचें प्रामाण्य

हस्तलिखितांच्या संशोधनांत रंग हा केवळ शोभेचा विषय नाहीं. दंड व पुष्पिका हिंगुळानें लिहिण्याची, आणि चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून तीं रद्द करण्याची चाल आपल्या लेखकांत होती. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तिचीच साक्ष देतो. आतां मूळ पोथीऐवजीं संगणकावरील छायाचित्र पाहून पाठनिर्णय करण्याचा प्रघात वाढला आहे. तेव्हां अशा छायाचित्रांतील रंग कितपत प्रमाण मानावा, याचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें.

या प्रश्नाचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. ता. १७ मे १८६१ रोजीं लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं एका रंगीत फितीचें चित्र पडद्यावर दाखविलें. टॉमस सटन यांनीं तांबड्या, हिरव्या व निळ्या द्रवांच्या गाळण्यांतून त्या फितीचीं वेगवेगळीं छायाचित्रें घेतलीं होतीं. त्यांतून त्या त्या रंगाचा प्रकाश सोडून तीं एकावर एक पाडतांच रंगीत चित्र उमटलें. परंतु त्या काळच्या कांचांवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होतच नसे. मग तांबडें चित्र आलें कोठून? याचा उलगडा १९६१ सालीं राल्फ इव्हान्स यांनीं केला. फितीचा तांबडा रंग डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत होता. ते तांबड्या गाळणींतून पार झाले आणि कांचेनें तेच टिपले. तत्त्व खरें, पण त्या चित्रांतील तांबडा रंग योगायोगाचा होता!

आजचा कॅमेरा याच तत्त्वावर चालतो. ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटांतील रचनेंत निम्म्या प्रकाशग्राही बिंदूंवर हिरवी, व एकेक चतुर्थांश बिंदूंवर तांबडी आणि निळी गाळणी असते; प्रत्येक बिंदूचे उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणितानें भरले जातात. शिवाय उजेड दिव्याचा कीं दिवसाचा, हें बहुधा कॅमेराच अनुमानानें ठरवितो. जुन्या कागदाचा पिवळेपणा उजेडाचा दोष समजून त्यानें कमी केला, तर झिजलेला फिकट हरताळही दिसेनासा होतो. आणि लेखकानें रद्द केलेला पाठ ग्राह्य ठरण्याचा संभव उत्पन्न होतो.

यास्तव संग्राहकांनीं पुढील गोष्टी पाळाव्या. खिडकीचा व दिव्याचा उजेड एकत्र करूं नये. पानाशेजारीं २४ चौकोनांची प्रमाणित रंगपट्टी, निदान करडी पट्टी, ठेवून त्याच उजेडांत छायाचित्र घ्यावें. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल जतन करावी व दिव्याची जात नोंदवून ठेवावी.

इतकें करूनही मर्यादा उरतेच. एका उजेडांत सारखीं दिसणारीं दोन रंगद्रव्यें दुसऱ्या उजेडांत भिन्न दिसूं शकतात, आणि कॅमेऱ्याची दृष्टि तंतोतंत मानवी डोळ्यासारखी नसते. म्हणून जेथें पाठ रंगावर अवलंबून असेल, तेथें मूळ पोथीच पाहिली पाहिजे. रंगपट्टीवांचून घेतलेलें छायाचित्र अक्षरांपुरतें प्रमाण मानावें. रंगापुरतें मानूं नये, असें आमचें मत आहे.