केमोच्या आधी विचारायचा प्रश्न

आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला लिम्फोमा झाला, म्हणजे मानेतल्या गाठींचा कॅन्सर. गटानं लगेच अंतर्गत कर्ज मंजूर केलं. औषधं, गाडीभाडं, सोबत कोण राहणार, सगळं विचारलं. पुढे तिला मूल होईल का, हे मात्र ना डॉक्टरांनी काढलं, ना आम्ही. दुसऱ्या केमोनंतर तिनंच आईला विचारलं. आई गप्प. आम्हीही गप्प.

मग आम्ही माहिती काढायला लागलो. गोष्ट परळला सुरू होते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. पुढे टाटांच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल उघडलं. तेव्हा जीव वाचणं हीच मोठी गोष्ट, मुलाबाळांचं कोण विचारणार? पुढे औषधं सुधारली, तरुण पोरं बरी होऊन घरी जायला लागली, तेव्हा हा प्रश्न उभा राहिला.

टाटाच्या शेजारीच केईएम. तिथं ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. देशातली पहिली म्हणून तिचा गाजावाजा झाला. पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ मध्येच गोठवलेल्या गर्भातून मूल जन्माला आणलं होतं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. नंतर आनंद कुमारांनीच त्यांची कागदपत्रं वाचून पहिला मान त्यांचा, असं जाहीर सांगितलं. स्वतःच्या हातातला मान असा कोण सोडतं, सांगा!

गोठवणं हीच इथली किल्ली. पुरुषाचं वीर्य गोठवून मूल होतं, हे १९५३ मध्येच अमेरिकेत दिसलं होतं. वयात आलेल्या मुलाचं काम त्यामुळे एकदोन दिवसांत होतं. मुलीला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग स्त्रीबीजं काढून उणे १९६ अंशांवर ठेवतात. पाळीच न आलेल्या मुलीची बीजं अशी काढता येत नाहीत. तिच्या बीजांडकोषाचा तुकडा काढून ठेवतात. तसा तुकडा परत बसवून २००४ मध्ये बेल्जियममध्ये कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बाईला बाळ झालं. हे सगळं शक्यतो केमोआधीच करावं लागतं, आणि आजार थांबू देत नसेल तर उपचार आधी. २००६ पासून अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांच्या संघटनेची सूचनाच आहे, की उपचारांआधी रुग्णाशी हे बोलावं.

आपल्या खारघरला २००२ पासून टाटा सेंटरचं ॲक्ट्रेक आहे. आपल्या गावांतल्या बायका तिथं पेशंट घेऊन जातातच. पहिल्याच भेटीत विचारायला लाजू नका. "लग्नाआधी हे बोललं तर स्थळं येणार नाहीत," असं आमच्या बैठकीतही एक ताई म्हणाल्या. त्यावर अर्धा तास वाद झाला, आणि तो मिटला असं आम्ही म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही रजिस्टरमध्ये लिहिली: तरुण पेशंटसाठी कर्जाचा अर्ज आला की हा प्रश्न विचारलाय का, ते आधी बघायचं, आणि त्या खर्चालाही कर्ज द्यायचं.

त्या मुलीची पाळी परत आली आहे. पण पाळी आली म्हणजे बीजं शाबूत आहेत असं नसतं, हे आता तिला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात तिची तपासणी आहे. सोबत आमच्यातल्या दोघी जाणार आहेत.