वगातला हवालदार, पडद्यावरचा पांडू

दादा कोंडके यांच्याविषयी बोलणाऱ्यांना कधी तोटा नव्हता, मात्र ऐकलेली गोष्ट कागदाशी ताडून पाहण्याचे कष्ट फारसे कुणी घेत नाही. अनिता पाध्ये यांनी शब्दबद्ध केलेलं ‘एकटा जीव’ हे आत्मकथन, चित्रपटांच्या श्रेयनामावल्या, राष्ट्रीय पुरस्कारांची यादी आणि त्या काळची पंचांगं हा ऐवज मात्र आपल्या हाताशी आहे. तो एकमेकांशेजारी ठेवला की ‘अडाणी, भोळा, नशिबाने वर आलेला विदूषक’ ही त्यांची रूढ प्रतिमा टिकत नाही.

सुरुवात जन्मतारखेपासूनच करू. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांची जन्मतारीख 8 ऑगस्ट 1932 अशी छापली जाते. गोकुळाष्टमीचा जन्म म्हणून नाव कृष्णा, असंही सांगतात. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. 1932 च्या श्रावणातली अमावास्या 31 ऑगस्टला होती. त्या दिवशी उत्तर अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यामुळे या तिथीबद्दल वाद संभवत नाही. त्यावरून मागे मोजलं तर श्रावण वद्य अष्टमी 24 ऑगस्टच्या आसपास येते. 8 ऑगस्टला शुद्ध पक्षातली षष्ठी-सप्तमी होती. गिरणगावच्या चाळीत मुलाचा जन्म तिथीवरून लक्षात राहत असे आणि इंग्रजी तारीख बहुधा शाळेत नाव घालताना ठरत असे. म्हणून या दोहोंत मला घरातली तिथीची आठवण अधिक भरवशाची वाटते. तारीख चुकीची धरली तरी चरित्रात फार फरक पडत नाही. पण छापलेली प्रत्येक गोष्ट तपासायची सवय इथूनच लागते.

मूळ गाव भोरजवळचं इंगवली, वाढ मुंबईच्या लालबागेत, घर गिरणीच्या पगारावर चालणारं. तरुणपणी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी, हौस म्हणून बँडपथक आणि त्याच सुमारास राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात शिरकाव. सेवा दलाचा हा धागा महत्त्वाचा आहे. निळू फुले आणि राम नगरकर हेही त्याच मुशीतून आले. तमाशाचा साचा घ्यायचा, त्यात आजचं राजकारण भरायचं आणि समोरच्या माणसाला हसवता हसवता शहाणं करायचं, ही कलापथकांची रीत होती. दादांचा विनोद त्या रीतीत तयार झाला. त्याला केवळ गल्लीतली थट्टामस्करी म्हणणं अन्यायाचं आहे.

पुढे त्यांनी स्वतःचं पथक काढलं, ‘खणखणपूरचा राजा’ केला आणि मग वसंत सबनीसांकडे नाटक मागितलं. सबनीसांच्या ‘छपरी पलंगाचा वग’ या संहितेचं रंगमंचावर ‘विच्छा माझी पुरी करा’ झालं. ही गोष्ट 1965 च्या सुमाराची. गण, गवळण, बतावणी, वग असा सगळा घाट तमाशाचा. राजा, प्रधान, कोतवाल, मैनावती आणि दादांचा हवालदार. कोतवालाची जागा रिकामी होते, हवालदाराला बढती मिळायला हवी, प्रधानाला मात्र आपलाच माणूस तिथे बसवायचा असतो. मग मैनावतीच्या मदतीने राजाच्या छपरी पलंगाचा डाव रचला जातो. सरकारी खुर्चीसाठी चाललेली ही ओढाताण प्रेक्षकाला राजाच्या दरबारातली वाटत नसे, मंत्रालयातली वाटत असे. दादा संहितेबाहेर जाऊन त्या दिवसाच्या बातमीवर बोलत, आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांची टोपी उडवली जाई.

प्रयोगांचा आकडा कुठे अकराशेच्या वर, तर कुठे पंधराशे असा सांगितला जातो. शेवटचा प्रयोग 1975 मध्ये हैदराबादला झाल्याची नोंद आहे. दहा वर्षांत अकराशे म्हणजे आठवड्याला दोन प्रयोग, पंधराशे म्हणजे जवळजवळ तीन. दोन्ही आकडे एका दौरेबाज पथकाला शक्य कोटीतले आहेत. मला यातून निघणारा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो: सिनेमात नाव झाल्यावरही दादांनी रंगमंच सोडला नव्हता. ‘तांबडी माती’ 1969 ची, ‘सोंगाड्या’ 1971 चा, ‘एकटा जीव सदाशिव’ 1972 चा, ‘आंधळा मारतो डोळा’ 1973 चा. या सगळ्या काळात वगातला हवालदार गावोगाव हिंडतच होता. कोणत्या वाक्याला सोलापूर हसतं आणि कोणत्या वाक्याला पुणं गप्प बसतं, हे त्यांना दर आठवड्याला प्रत्यक्ष कळत होतं. पडद्यावरच्या यशामागची खरी तालीम ही.

‘तांबडी माती’त त्यांना घेतलं भालजी पेंढारकरांनी. ‘विच्छा’चे प्रयोग पाहणाऱ्या आशा भोसले यांनी त्यांचं नाव सुचवलं, असं सांगतात. त्या वर्षीच्या मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘तांबडी माती’ला मिळाला, तरी दादांच्या कारकिर्दीचा पाया तो नव्हे. पाया ‘सोंगाड्या’चा. त्याची श्रेयनामावली नीट वाचावी: लेखन वसंत सबनीस, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी, संगीत राम कदम, निर्माते दादा कोंडके. म्हणजे ‘विच्छा’चाच लेखक त्यांनी बरोबर आणला आणि पैसा स्वतः उभा केला. तमाशातल्या कलावतीच्या नादी लागलेला नाम्या आणि त्याला धाकात ठेवणारी रत्नमालाबाईंची ‘आये’ ही जोडी सबनीसांच्या लेखणीतून उतरली. दादांच्या यशातला सबनीसांचा हा वाटा पुढच्या कौतुकात फार लवकर विसरला गेला, याचं मला वाईट वाटतं.

दादरच्या ‘कोहिनूर’ची हकीकत सर्वतोमुखी आहे. ‘सोंगाड्या’ला थिएटर नाकारून तिथे देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरलं. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर आले आणि ‘सोंगाड्या’ लागला. सांगणारे तपशील बदलतात, पण सांगाडा काळाशी जुळतो: दोन्ही चित्रपट 1971 चे, आणि शिवसेना तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. मराठी चित्रपटाला मुंबईतच पडदा मिळेना, ही तक्रार त्या दिवशी रस्त्यावर आली.

1975 हे साल तर दोन्ही अंगांनी वळणाचं. ‘विच्छा’ थांबलं आणि ‘पांडू हवालदार’ आला. वगातला हवालदार खाकी चड्डीत पडद्यावर अवतरला, आणि दिग्दर्शक म्हणून दादांचं नाव पहिल्यांदा लागलं. अशोक सराफ त्यात त्यांच्या जोडीला होते. सुरेंद्र आणि विजय पाटील या संगीतकारांना ‘राम-लक्ष्मण’ हे नाव याच चित्रपटाने दिलं. यातले ‘राम’ म्हणजे सुरेंद्र, त्यांच्या निधनानंतरही पाटलांनी ते जपलं, थेट ‘मैंने प्यार किया’पर्यंत. त्याच साली महाराष्ट्र शासनाने मराठी निर्मात्याला करमणूक कर परत देण्याची योजना आणली. अट अशी की त्याने पुढचा मराठी चित्रपट काढावा. ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथे गुदगुल्या’ हे चित्रपट जवळजवळ वर्षाला एक या गतीने आले, त्यामागे हेही कारण धरावं लागेल. मात्र पहिले तीन यशस्वी चित्रपट योजनेआधीचे आहेत, म्हणून यशाचं श्रेय सरकारला देता येणार नाही.

लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालल्याचा गिनीज बुकातला विक्रम सगळे सांगतात. द्व्यर्थी संवादांवरून सेन्सॉरशी झालेले खटकेही सांगतात. उत्तरार्धातल्या चित्रपटांत चावटपणा उरला आणि सबनीसांच्या वगातली राजकीय धार गेली, असं माझं मत आहे. हिंदीतला ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ पाहिला की ते लख्ख दिसतं.

14 मार्च 1998 रोजी मुंबईत दादा गेले. चित्रपट शिल्लक आहेत, ते पुन्हा पाहता येतात. ‘विच्छा’ची दहा वर्षं मात्र हस्तपत्रकं, तिकिटांची पुस्तकं आणि ठेकेदारांच्या वह्या यांच्यातच उरली असणार, आणि असा कागद घरं झाडताना पहिल्यांदा रद्दीत जातो. शेवटचा प्रयोग हैदराबादला झाला, आणि मुंबईहून तिकडे जाणारा लोहमार्ग सोलापूर, कलबुर्गी, वाडी असा जातो. वाटेतल्या भागातही पथकाच्या खुणा उरल्या असू शकतात. आळंद, निंबर्गा, बसवकल्याण, भालकी या पट्ट्यातल्या मराठी घरांत, सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांच्या जुन्या पेट्यांत 1965 ते 1975 मधलं एखादं पत्रक, फोटो किंवा जमाखर्चाची वही असेल, तर ती टाकू नका. त्यावरचं गाव, तारीख आणि तिकिटाचा दर उतरवून घ्या, आणि मूळ कागद जवळच्या वाचनालयात जमा करा.