उपशामक सेवेचे दिवसकेंद्र : रुग्णाला सोबत, घरच्यांना विसावा

‘आता करण्यासारखे काही उरलेले नाही, रुग्णाला घरी न्या,’ हे शब्द ज्या कुटुंबाने ऐकले आहेत, त्याला पुढील प्रश्नही ठाऊक असतो : घरी नेल्यावर काय? रुग्ण दिवसभर चार भिंतींकडे पाहत पडून राहतो आणि त्याची शुश्रूषा करणारी पत्नी, मुलगी किंवा सून घराचा उंबरठा ओलांडू शकत नाही. अशा कुटुंबांसाठी उपशामक सेवेचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचे, दिवसकेंद्र ही व्यवस्था उभी राहिली.

उपशामक सेवा म्हणजे काय?

कर्करोग तसेच हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड किंवा मज्जासंस्थेचे गंभीर विकार जडलेल्या रुग्णाच्या वेदना, धाप, मळमळ आणि मनाची तगमग कमी करणे व त्याच्या कुटुंबाला आधार देणे, हे या सेवेचे कार्य. ती केवळ अखेरच्या दिवसांपुरती नसून मूळ उपचारांच्या जोडीनेही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना तिची गरज असते; त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांनाच ती लाभते.

दिवसकेंद्राचा उगम

मरणासन्न रुग्णांसाठी आयरिश धर्मभगिनींनी १८७९ साली डब्लिन येथे व १९०५ साली लंडनच्या हॅक्नी भागात हॉस्पिस, म्हणजे शुश्रूषागृहे, स्थापन केली. हॅक्नीच्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९५८ पासून काम केले. वेदना उफाळून येण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने मॉर्फिन दिल्यास रुग्णाला शांतता लाभते, हे त्यांनी दाखवून दिले. १९६७ साली त्यांनी लंडनमध्येच सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. देह, मन, नातेसंबंध आणि आत्मा या चारही अंगांनी माणूस दुखावला जातो, हा त्यांचा विचार आज सर्वमान्य आहे.

परंतु शुश्रूषागृहातील खाटा मोजक्या, आणि बहुतेकांची ओढ घराकडे. यातूनच डॉ. एरिक विल्क्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या शेफिल्ड येथील सेंट ल्यूक्स हॉस्पिसमध्ये १९७५ साली दिवसकेंद्र सुरू झाले. पुढे ही पद्धत ब्रिटनभर पसरली.

केंद्रातील एक दिवस

रुग्ण बहुधा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी येतो. अनेक ठिकाणी स्वयंसेवक आपल्या गाडीने त्याला घेऊन येतात. परिचारिका विचारपूस करते, औषधांचा मेळ पाहते, जखमेची मलमपट्टी करते. गरज भासल्यास डॉक्टर तपासतात. ज्याला घरी अंघोळ घालणे अवघड झाले आहे, त्याला येथे मदतीने स्नान मिळते. मग चित्रकला, संगीत, हलका व्यायाम, गप्पा आणि एका पंगतीत जेवण. ज्या गोष्टी घरच्यांना सांगवत नाहीत, त्या रुग्ण शेजारी बसलेल्या समदुःखी माणसाला सांगतो. सायंकाळी तो आपल्या घरी, आपल्या अंथरुणावर परततो. तोवर घरची व्यक्ती झोप घेते, बँकेचे काम उरकते, मिस्साला जाऊन येते.

या सेवेला मर्यादाही आहेत. रुग्ण व कुटुंबीय केंद्राविषयी समाधान व्यक्त करतात. मात्र शारीरिक लक्षणे त्यामुळे कितपत कमी होतात, याचा पुरावा संशोधनातून फारसा मिळालेला नाही. अंथरुणाला खिळलेल्यास प्रवास झेपत नाही. त्याला घरपोच सेवाच हवी. २०२० च्या कोरोना साथीत अनेक केंद्रे बंद ठेवावी लागली.

आपल्याकडे

भारतातील पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झाले; पुढे गोवा व दिल्ली येथेही त्याची शाखा निघाली. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बाह्यरुग्ण विभागाच्या रूपाने हे कार्य सुरू झाले. शेजारपाजारच्या माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्णसेवेत आणणे, हे केरळचे वैशिष्ट्य ठरले. ही सेवा केवळ मोठ्या इमारतींवर अवलंबून नसते, हेच त्यातून दिसते.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ उपशामक सेवेला निःस्वार्थ प्रेमसेवेचे विशेष रूप मानतो. वेदनाशामक औषध घेणे म्हणजे श्रद्धा डळमळणे नव्हे, हे भाविकांनी ध्यानी घ्यावे. व्हॅटिकनने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘समारितानुस बोनुस’ या पत्रातही दयाळू शोमरोन्याचा आदर्श समोर ठेवून असाध्य रुग्णाची साथ न सोडण्याचे आवाहन आहे.

धर्मग्रामाच्या सभागृहात आठवड्यातून एक दिवस असा उपक्रम राबवता येईल काय, याचा विचार व्हावा. पायऱ्यांऐवजी उतार, चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह, प्रशिक्षित परिचारिका, जवळच्या डॉक्टरांचे सहकार्य आणि ने-आण करणारे वाहन, एवढी तयारी आधी हवी. परिचारिका व डॉक्टर यांच्यावाचून केवळ उत्साहावर हे काम हाती घेऊ नये. तूर्तास आपल्या आळीतील रुग्णापाशी दोन तास बसून त्याच्या घरच्यांना मोकळीक देणे, हे तर कोणालाही शक्य आहे. आजार बरा होण्यासारखा नसला, तरी माणसासाठी करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते.