रूट कॅनालच्या फाइलचं आजोळ

८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल मोडला. आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला जाऊन आलेला दर्यावर्दी द्युमों द्युर्व्हिल त्यांतलाच एक. दाताच्या मुळात गरगर फिरणाऱ्या फाइलची कुळकथा मी या अपघातापासून सुरू करतो.

बाकीचे ती शस्त्रांपासून सुरू करतात, आणि पुरावा त्यांच्याकडे भरपूर आहे. १८३८ साली घड्याळाची स्प्रिंग घासून पहिली फाइल करणारा एडवर्ड मेनार्ड पुढे बंदुकांच्या शोधांसाठी गाजला. निकेल-टायटॅनियमचा नितिनॉल अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत, क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधताना विल्यम ब्यूलरच्या हाती लागला. दात सरळ करायच्या तारेतून तो दंतवैद्यकात शिरला. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी तसल्याच तारेतून फाइली कोरल्या. त्या पोलादी फाइलींपेक्षा दोन-तीन पट लवचीक निघाल्या.

हे सगळं मान्य. पण ही धातूची वंशावळ झाली. फाइल तुटते कशी, याचं मूळ रेल्वेत आहे.

अ‍ॅक्सल अचानक का मोडतात, याचा छडा प्रशियातल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट वोलरने लावला. भाराखाली किंचित वाकलेला अ‍ॅक्सल फिरतो तेव्हा त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो आणि अर्ध्या फेरीनंतर दाबला जातो. एका वेळी सहज पेलणारा भारही लाखो फेऱ्यांनी धातू मोडतो. तार पुढे-मागे वाकवून तोडतो, तसंच हे: धातू दमतो.

आता वाकड्या मुळातली फाइल पाहा. नलिका वाकडी, म्हणून फाइलही वाकलेली. आणि मोटर तिला त्याच बाकात मिनिटाला ३०० वेळा फिरवते. सेकंदाला पाच वेळा ताण, पाच वेळा दाब. हा वोलरचाच अ‍ॅक्सल. १९९७ मध्ये प्रुएट आणि सहकाऱ्यांनी फाइली वाकड्या नळ्यांत तुटेपर्यंत फिरवल्या. वळणाची त्रिज्या ५ मिलिमीटरवरून २ वर आणली की आयुष्य घटलं. वेग वाढवून मात्र फेऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. हिशेब मिनिटांचा नाही, फेऱ्यांचा.

मग बोस्टनच्या विल्यम रॉलिन्स या दंतवैद्याने १८८९ मध्येच आपल्या रूट कॅनालच्या यंत्राचा वेग अवजार तुटण्याच्या भीतीने मिनिटाला १०० फेऱ्यांवर का बांधला? वोलरचे प्रयोग तोवर इंग्रजीत छापून आले होते आणि रॉलिन्स यंत्रांत रमणारा माणूस. त्याने ते वाचले असावेत, असा माझा अंदाज. वेग कमी ठेवून त्याने फेऱ्या वाढवल्या नाहीत, पण त्याच फेऱ्यांत जास्त मिनिटं मिळवली.

माझ्या सिद्धांताला खरा धक्का देतो तो पीळ. टोक नलिकेत अडकतं, मोटर फिरतच राहते आणि फाइल पिळवटून तुटते. २००० साली सट्टापन आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात वापरलेल्या फाइली तपासल्या, तेव्हा तुटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच गेल्या होत्या. म्हणजे बहुमत माझ्याविरुद्ध! पण पीळ बहुधा आधी दिसतो: फाइलचे आटे उलगडलेले असतात. शिवाय टॉर्क मर्यादेपलीकडे गेला की आजची मोटर उलटी फिरते. पुढे-मागे फिरणाऱ्या फाइलींनी हा धोका आणखी कमी केला. दमलेली फाइल मात्र वरून नव्यासारखी दिसते आणि ऐन कामात तुटते. म्हणून पिळापेक्षा दमणूक मी अधिक घातक मानतो.

तेव्हा डॉक्टरमंडळी, तीव्र वळणाच्या मुळात फिरलेली फाइल नुसत्या नजरेने पास करू नका. ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याऐवजी ती टाकून द्या.