पेव, कणगी आणि पदराची गाठ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे येतात, लढाया येतात, ताम्रपट येतात. वाशीमकरांना तर हा मोह अधिकच. आमचे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि ते सांगावेच. पण ज्या घरात राजा कधी आला नाही, त्या घरालाही इतिहास असतो. आषाढात कणगीचा तळ दिसू लागला म्हणजे घरची बाई काय करी, पाऊस गेला म्हणजे कुणब्याने कोणता दाणा खायचा आणि कोणता राखायचा, मजुराच्या घरी दुखणे आले म्हणजे पैसा कोठून येई, या गोष्टी ताम्रपटावर कोरलेल्या नाहीत. पण माणसे जगली ती त्यांच्याच आधाराने आणि मेली तीही तो आधार तुटल्यामुळे. आज आपण हा लहान माणसांचा इतिहास पाहू.

जुन्या वऱ्हाडी गावात धान्य ठेवण्याच्या तीन जागा असत. पहिली पेव. गावठाणातील घट्ट, कोरड्या पांढरीत खड्डा खणीत. तोंड अरुंद, पोट मोठे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात ओल धरते, म्हणून पेवासाठी पांढरीच हवी. आतून कडब्याचा किंवा पेंढ्याचा थर देऊन ज्वारी भरीत आणि वर दगड ठेवून तोंड मातीने लिंपून टाकीत. ही युक्ती साधी दिसते. पण तिच्या पोटी शास्त्र आहे. दाणाही श्वास घेतो आणि किडाही घेतो. बंद पेवातील प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो, कर्बवायू साठतो आणि कीड मरते. ज्वारी त्यामुळे काही वर्षे टिके. मात्र हाच वायू माणसालाही सोडीत नाही. पेव उघडले की आत लगेच उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा, दिवा विझला तर थांबायचे, हा धडा आपल्या पूर्वजांनी जीव गमावून शिकलेला आहे.

पेवात ठेवलेल्या दाण्याला वास येई आणि त्याची उगवणशक्ती जाई. तो पोटाला चाले, पेरणीला चालत नसे. म्हणून दुसरी जागा कणगीची. बांबूच्या किंवा तुराट्यांच्या विणीला शेणमातीने लिंपून केलेली ही कणगी घरात उभी असे. रोजचा दाणा तिच्यात; बियाणे मात्र वेगळे, राखेत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात किंवा तुंब्यात जपलेले. घरात उपास पडला तरी बियाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, हा अलिखित कायदा होता. तिसरी जागा स्वयंपाकघरातील उतरंड. मडक्यांच्या त्या उभ्या रांगेत डाळ, तिखट, मीठ, जवस असे आणि उन्हाळ्यात घातलेल्या वड्या, कुरडया, पापड, सांडगे, वाळवलेली भाजी हे सारे असे. वाळवण म्हणजे चोचल्याचा पदार्थ, असे आज वाटते. वस्तुतः तो चैत्र-वैशाखातील उन्हाचा केलेला साठा होता. भाजी नसलेल्या पावसाळी दिवसांची ती बेगमी होती.

या तिन्ही जागांच्या मुळाशी एकच पीक होते, ते ज्वारीचे. ज्वारी माणसाला भाकरी देई, बैलाला कडबा देई आणि धसकटे चुलीला सरपण देत. तिच्याच ओळींत तूर, मूग, उडीद पेरले म्हणजे एक गेले तरी दुसरे हाती लागे. आजच्या भाषेत ज्याला विमा म्हणतात, तो त्या वेळी वावरातच पेरलेला असे.

पण येथे आम्हांला एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. जुन्या काळाचे गुणगान करताना आपण पेव कोणाचे होते हे विसरतो. पेव पाटलाचे, देशमुखाचे, सावकाराचे. साध्या कुणब्याची कणगी असे, ती फाल्गुनात भरलेली आणि श्रावणात रिकामी. मजुराला तर एक मडके. बलुतेदारांना सुगीत खळ्यावरचा वाटा मिळे, पण काहींना तो गावकुसाबाहेर उभे राहून, मान खाली घालून घ्यावा लागे. कणगी रिकामी झाली की सवाई-दिढीने सावकाराकडून दाणे आणायचे, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण फेडायचे. एकाच गावात, एकाच पावसात, एकाचे पेव दुसऱ्याच्या कर्जाने भरत असे. शिवाय पेवाची गरज केवळ अवर्षणापुरती नव्हती. १८०३ साली वऱ्हाडात आडगावची लढाई झाली, १८०९ साली पेंढाऱ्यांनी वाशीम लुटले. जमिनीखालचा दाणा लुटारूच्या सहजी हाती लागत नाही, हाही पेवाचा एक उपयोग होता.

गावात दाणा संपला तर बाहेरून आणणारेही होते. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानच्या वाटेवर चौदा हजार बैलांचा तांडा भेटल्याची नोंद आहे. ज्यांचे पोहरादेवी हे श्रद्धास्थान आज आपल्याच जिल्ह्यात आहे, त्या समाजाचे पूर्वज एके काळी देशाचे चालते कोठार होते. रेल्वे आली आणि हा व्यवसाय मोडला.

ही घडी विसकटली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. युद्ध संपले, भाव कोसळले. पण कापूस वावरातून गेला नाही, कारण सारा रोखीने भरायचा होता आणि सावकाराचे देणेही रोखीचेच होते. कापसाच्या प्रत्येक ओळीबरोबर ज्वारीची एक ओळ कमी झाली आणि तिच्याबरोबर कडबाही कमी झाला. दाणा विकत घेता येतो, मग साठवायचा कशाला, असा नवा हिशेब सुरू झाला. हा हिशेब चुकीचा नव्हता. तो चांगल्या वर्षापुरता बरोबर होता.

मग १८९९ साल आले. पाऊस गेला. विक्रम संवत १९५६ चे हे वर्ष; गुजरात-राजस्थानात त्या दुष्काळाला ‘छप्पनिया’ म्हणतात. त्याआधी १८९६-९७ चे वाईट वर्ष जेमतेम ओलांडले होते. अकोल्याच्या स्टेशनावर बाहेरचे धान्य उतरू शकत होते. पण वाशीमला रेल्वे नव्हती, अकोला सुमारे पन्नास मैलांवर, आणि ते अंतर ज्या बैलांनी कापायचे ते कडब्यावाचून मरत होते. त्याहून मोठी अडचण अशी की, मजुराच्या हाती पैसाच नव्हता. पेरा नाही म्हणून निंदणी नाही, कापूस नाही म्हणून वेचणी नाही, आणि मजुरी नाही म्हणून बाजारात धान्य असूनही त्याच्यासाठी ते नव्हते. सरकारने खडी फोडण्याची कामे आणि अन्नछत्रे उघडली; पण १९०१ च्या शिरगणतीने त्या वर्षांचा जमाखर्च मांडला. तेव्हाच्या वाशीम जिल्ह्यात, म्हणजे वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे तीन तालुके मिळून, ३,५३,४१० माणसे भरली. दहा वर्षांत लोकसंख्या शेकडा अकराने घटली होती. पुढे १९०५ साली तो जिल्हाच मोडला आणि १९९८ साली आजच्या स्वरूपात पुन्हा झाला.

याच्या शेजारी १९७२ साल ठेवून पाहू. त्या दुष्काळाचा मुख्य तडाखा मराठवाड्याला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागाला बसला. पण मिलोची तांबडी ज्वारी आणि सुकडी हे शब्द साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी राहिले. पीक तितकेच बुडाले होते. फरक होता तो मजुरीचा. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. हाताला काम होते, म्हणून हातात पैसा होता. स्वस्त धान्य दुकानात कमी का होईना, दाणा होता. हाल अपार झाले. पण १८९९ सारखा मृत्यूचा फेरा आला नाही. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदार-व्यापाऱ्यांवर व्यवसाय कर बसला. पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या रकमेबद्दल आपण कुरकुरतो. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहता, ते शहराने गावाच्या पेवात टाकलेले धान्य होते.

आता आपल्या घराकडे येऊ. आज जिल्ह्यात सोयाबीनचे राज्य आहे. कापसाप्रमाणेच तेही विकण्याचे पीक; त्याने भाकरीही होत नाही आणि कडबाही मिळत नाही. कणग्या गेल्या, पेवे बुजली. त्यांचे जे जाणे झाले त्याबद्दल आम्ही अश्रू ढाळणार नाही. पण जी गरज ती भागवीत होती, ती गेली आहे का? २०२० च्या टाळेबंदीत रोजमजुरी एका रात्रीत थांबली, तेव्हा याचे उत्तर पुष्कळ घरांना मिळाले.

हिशेब साधा आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धरले तर महिन्याला साठ किलो धान्य लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, म्हणजे पंचवीस किलो मिळते. २०२३ पासून ते विनामूल्य आहे. उरलेले पस्तीस किलो बाजारातून येते, म्हणजे मजुरीतून येते. ज्या घराला जमेल त्याने दरमहा पाच किलो बाजूला टाकले तर वर्षात साठ किलो होतात. एक महिना हाती लागतो. उन्हात वाळवलेला दाणा, झाकणाची पत्र्याची कोठी, आधी जुना खायचा आणि नवा मागे भरायचा, यापलीकडे त्यात काही विद्या नाही. नळ चार दिवस आला नाही तर पिण्या-रांधण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तरी शंभर लिटर पाणी झाकून ठेवलेले असावे. आणि पदराच्या गाठीला थोडा पैसा असावा. ही गाठ आजीच्या काळी खरोखर पदराला असे. आज ती बचत गटाच्या वहीत आहे. दवाखान्याची वेळ आली म्हणजे सावकाराचे दार टाळण्याचे बळ त्या वहीत असते.

मात्र हा सल्ला देताना आम्हांला संकोच वाटतो तो एका कारणासाठी. जुन्या घरात तूट आली की ती कोण भरून काढी? घरची बाई. सर्वांना वाढून उरलेले ती खाई, आणि उरले नाही तर पाणी पिऊन निजे. कणगीचा हिशेब इतका वेळ जुळे तो बहुधा तिच्या ताटातून. महिन्याचे पाच किलो जर पुन्हा तिच्याच ताटातून बाजूला पडणार असतील, तर ती बेगमी नव्हे.

म्हणून इतिहासाचा निवाडा आम्हांला असा दिसतो. चार दिवसांची तयारी प्रत्येक घराने करावी. महिन्याची तयारी जमेल त्या घराने करावी आणि न जमणाऱ्याला शेजाऱ्याने, गटाने हात द्यावा. पण वर्षाची तयारी कोणत्याही गरीब घराच्या आवाक्यातली नाही. ती समाजाने आणि सरकारनेच करायची असते. १८९९ साली पहिल्या दोन गोष्टी ढिल्या झाल्या होत्या आणि तिसरी अपुरी पडली. आज तिसरी आपल्याकडे कायद्याने आहे. ती जागी ठेवणे, मागणाऱ्याला काम आणि कार्डधारकाला पुरा दाणा मिळतो की नाही हे पाहणे, हे वाशीमच्या सुशिक्षित नागरिकाचे काम आहे. घरी परतल्यावर आपल्या कोठीचे झाकण तर उघडून पाहावेच. पण आपल्या घरी धुणी-भांडी करायला येणाऱ्या बाईच्या कोठीत किती दिवसांचा दाणा आहे, हेही एकदा विचारून पाहावे.