पथदीपांचे तेल आणि त्याचा हिशेब

आपल्या देवळांतील नंदादीप शतकानुशतके तेवत राहिले ते केवळ भक्तीच्या बळावर नव्हे. त्यांच्यामागे तेलातुपाची पक्की तरतूद होती. तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवालयात राजराज चोळाच्या काळचे जे शिलालेख आहेत, त्यांत एका अखंड दीपासाठी ९६ मेंढ्या नेमून दिल्याचे उल्लेख वारंवार येतात. त्या मेंढ्या कोणी सांभाळाव्या आणि रोज तुपाचे किती माप देवळात आणून घालावे, हेही तेथे दगडावर कोरलेले आहे. दिवा देणारा नुसता दिवा देऊन मोकळा झाला नाही. दिव्यापर्यंत तूप कसे पोहोचेल, याची जबाबदारी त्याने नाव घेऊन कोणावर तरी टाकली. वकिलीचा व्यवसाय करणाऱ्यांच्या दृष्टीने पाहता हा एक उत्तम करारच होय.

आज गावोगावच्या रस्त्यांवर एलईडीचे शुभ्र दिवे लागले आहेत. ते वीज कमी खातात हे खरे. परंतु त्या विजेचा हिशेब आपण त्या जुन्या दात्यांइतक्या दक्षतेने ठेवतो काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. या प्रश्नाची उकल करण्यासाठी आम्ही वाचकांस प्रथम बुऱ्हाणपुरास नेणार आहो. तापीकाठचे हे शहर आज मध्य प्रदेशात असले, तरी तेथील बाजारात आणि घरांत मराठी अजून सहज ऐकू येते. शिवाय, वाटेत होणारी नासाडी कशी टाळावी, या विद्येत या शहराचा अनुभव चारशे वर्षांचा आहे.

फारुकी सुलतानांनी वसवलेले बुऱ्हाणपूर १६०१ मध्ये असीरगडाबरोबर अकबराच्या ताब्यात आले आणि दक्षिणेकडील मोगली कारभाराचे ते ठाणे बनले. फौज आणि बाजारपेठ वाढली तशी पाण्याची निकड भासू लागली. अब्दुर्रहीम खानखानान याच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपणारे पाणी अडविले आणि भुयारी मार्गाने शहराकडे आणले. यालाच आज कुंडी भंडारा म्हणतात. भुयारावर ओळीने शंभराहून अधिक कुंड्या असून त्यांतून खाली हवा व उजेड जातो. पाणी केवळ उताराने वाहते; त्यास ना मोट लागते, ना पंप. उघड्या पाटाने आणले असते तर निमाडच्या उन्हात त्यातील बरेचसे वाटेतच आटले असते. पाणी किती मिळते याइतकाच ते वाटेत किती जाते हाही प्रश्न महत्त्वाचा आहे, ही गोष्ट त्या कारागिराने ओळखली होती.

या शहराचा दुसरा वारसा कापडाचा. १६४१ मध्ये येथून गेलेल्या ताव्हर्निए या फ्रेंच प्रवाशाने येथील कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान व कैरोपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे मोगल गेले. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे आणि अखेर इंग्रजांकडे गेले. परंतु माग थांबला नाही. विसाव्या शतकात हातमागाच्या जागी यंत्रमाग आले, आणि प्रत्येक मागाबरोबर एकेक लहानशी विजेची मोटार आली. पॉवर फॅक्टर, म्हणजे पाठ्यपुस्तकी मराठीत शक्तिगुणक, हा शब्द बुऱ्हाणपूरच्या विणकराला शिकवला तो या मोटारीने.

तो शब्द समजावून घेणे कठीण नाही. एखाद्या पाणक्याने विहिरीवरून भरलेली घागर आणावी, घरात अर्धी ओतावी आणि उरलेली अर्धी परत नेऊन विहिरीत टाकावी, असे समजा. घरात पाणी अर्धीच घागर आले, परंतु पाणक्याच्या खांद्याला आणि वाटेला ओझे पुरे पडले. उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालणारी मोटार असेच करते. आपल्या लोखंडात चुंबकत्व उभे करण्यासाठी ती काही वीज घेते आणि क्षणार्धात परत करते. घेतलेल्या ओझ्यापैकी खरोखर कामी आलेला हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. सगळे कामी आले तर १, निम्मे आले तर ०.५. साधा मीटर घरात ओतलेले पाणीच मोजतो. पाणक्याची फुकट गेलेली खेप मोजत नाही. यावर उपाय म्हणजे घराच्या दारातच एक छोटा हौद बांधणे. परत जाणारे पाणी त्या हौदात थांबते व पुढल्या खेपेस तेथूनच घेतले जाते. कपॅसिटर हा विजेचा असा हौद होय. म्हणूनच मध्य प्रदेशच्या दरआदेशांतून, तीन अश्वशक्ती व त्यावरील मोटार चालविणाऱ्या लघुदाब ग्राहकाने योग्य क्षमतेचा कपॅसिटर स्वखर्चाने बसवावा, अशी अट अनेक वर्षे घातलेली आढळते.

मागाची ही गोष्ट रस्त्यावरच्या दिव्याला कशी लागू पडली, हे पाहण्यासाठी थोडे मुंबईकडे वळले पाहिजे. कारण आपल्या मुलखात सार्वजनिक दिव्यांचा इतिहास तेथेच क्रमाने पाहावयास सापडतो. १८६५ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काही रस्त्यांवर प्रथम गॅसचे दिवे लागले. दिवे लावणारा खांबाखांबाशी जाई आणि त्याच्यामागे कुतूहलाने थक्क झालेल्या लोकांचा घोळका फिरे, असे त्या काळचे वर्णन आहे. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग झाला. परंतु तो चालविणारी कंपनी टिकली नाही. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, तेव्हा कोठे मुंबईत वीज स्थिरावली. पुढे ७ ऑगस्ट १९४७ रोजी तो सारा व्यवहार महापालिकेच्या मालकीचा झाला. १९०५ मध्येच म्हैसूर संस्थानातील बंगळूरच्या रस्त्यांवरही शिवसमुद्रमच्या धबधब्याची वीज झळकली.

पहिल्या काळचे विजेचे दिवे तापलेल्या तारेचे होते. तार तापे, उजेड पडे, आणि घेतलेल्या विजेतील काहीही परत जात नसे. या दिव्यांचा पॉवर फॅक्टर १ होता. दोष एवढाच की विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जाई आणि एका वॅटमागे बारा-पंधरा ल्यूमेन उजेड हाती येई. पुढे पाऱ्याच्या वाफेचे आणि नंतर सोडियमचे पिवळे दिवे आले. सोडियमच्या दिव्याने तोच उजेड शंभर ल्यूमेनच्या घरात नेला. परंतु या दिव्यांना प्रवाह आवरून धरण्यासाठी चोक लागतो. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे. आणि जेथे वेटोळे आले तेथे अर्ध्या घागरीचा तोच व्यवहार आला. कपॅसिटर नसेल तर अशा दिव्याचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास घसरे. मागाच्या मोटारीचा दोष अशा रीतीने खांबावर चढला आणि उपायही तोच ठरला. दिव्याच्या पेटीत कपॅसिटर बसविला की काम भागे. मात्र तो कपॅसिटर काही वर्षांत निकामी होई. दिवा तर चालूच राहतो, मग ते कळावे कसे? तक्रार येत नसे आणि दुरुस्ती राहून जाई.

निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ मध्ये आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी त्या शोधावरच उभा आहे. लगेच ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने पथदीपांची राष्ट्रीय योजना सुरू केली. देशातील १ कोटी ३४ लाख जुने पथदीप बदलावयाचे, भांडवल ईईएसएल या सरकारी कंपनीने घालावयाचे आणि नगरपालिकांनी ते वाचलेल्या बिलातून फेडावयाचे, असा तिचा आराखडा होता. तीन-चार दशके रात्री पिवळे दिसणारे रस्ते थोड्या वर्षांत पांढरे झाले.

बचत किती, हे आता आकड्यांत पाहू. ७० वॅटचा सोडियम दिवा चोकसह सुमारे ८३ वॅट घेतो. त्याच्या जागी बहुधा ३५ वॅटचा एलईडी बसतो. कारण एलईडीचा उजेड आकाशाकडे न फाकता थेट रस्त्यावर पाडता येतो. रोज ११ तास दिवे लागले, तर वर्षाला दर खांबामागे सुमारे १९३ युनिटे वाचतात. दोनशे खांबांच्या गावात एकूण भार १६.६ किलोवॅटवरून ७ किलोवॅटवर येतो, म्हणजे ५८ टक्के घट होते. ही बचत खरी आहे, आणि तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

आता दुसरी बाजू. एलईडीला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. ती करून देणाऱ्या पेटीस ड्रायव्हर म्हणतात. स्वस्त ड्रायव्हर काय करतो? दोराशी बांधलेला रहाट अखंड फिरत असताना एखाद्याने फक्त पोहरा वर आला त्याच क्षणी झडप घालून हंडा भरून घ्यावा, त्याप्रमाणे विजेच्या प्रत्येक लाटेच्या केवळ माथ्यावर तो झटक्याने प्रवाह खेचतो आणि उरलेला वेळ स्वस्थ बसतो. अशा दिव्याचा पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ पर्यंत खाली येतो. तो ०.५ धरला, तर वरच्या गावात ७ किलोवॅटच्या उजेडासाठी तारांतून १४ किलोव्होल्ट-अँपिअरचे ओझे वाहते. कपॅसिटर शाबूत असलेल्या, ०.८५ पॉवर फॅक्टरच्या जुन्या सोडियम दिव्यांचे ओझे १९.५ होते. म्हणजे युनिटांत ५८ टक्के बचत दिसली, तरी तारेवरचे ओझे अवघे २८ टक्के उतरले. ड्रायव्हर चांगला, ०.९५ चा असता, तर हेच ओझे ७.४ वर आले असते. तारेतील उष्णतेची नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, वाईट ड्रायव्हरच्या गावात ती चांगल्या ड्रायव्हरच्या गावापेक्षा ३.६ पट होते.

येथे जुना उपाय चालत नाही, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. हा दोष वीज घेऊन परत करण्याचा नसून ती झटक्यांनी ओढण्याचा आहे. दारात हौद बांधून झटका थांबत नाही. उलट जुन्या खांबांतून व पेट्यांतून राहून गेलेले कपॅसिटर एलईडीच्या ओळीवर नवाच बिघाड निर्माण करू शकतात. यावर खरा उपाय म्हणजे प्रवाहाला लाटेचाच आकार देणारी जोडणी ड्रायव्हरच्या आतच असणे. झटक्यांचा आणखी एक परिणाम न्यूट्रल तारेवर होतो. तीन फेजांवर दिवे सारखे वाटले की त्यांचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांस फेडून टाकतात, या भरवशावर कित्येक जुन्या ओळींत न्यूट्रलची तार बारीक घातलेली असे. पण झटक्यांतील तिप्पट गतीचे अंश एकमेकांस फेडीत नाहीत. ते तेथे जमा होतात, आणि फेजपेक्षाही जास्त प्रवाह त्या बारीक तारेतून जाऊ शकतो. मग तार तापते, सांधे जळतात, आणि अख्खी आळी अंधारात बुडते.

आता कायद्याकडे वळू. रस्त्यावर दिवा लावणे ही नगरसंस्थेची कृपा नव्हे, ते तिचे कर्तव्य आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ६१ व्या कलमात ते आहे. बुऱ्हाणपूर महानगरपालिकेस लागू असलेल्या मध्य प्रदेशच्या १९५६ च्या अधिनियमाच्या ६६ व्या कलमातही ते आहे. विजेचा दर ठरविताना आयोगाने कोणा ग्राहकावर अनुचित मेहेरबानी करू नये, मात्र ज्या मोजक्या कारणांनी ग्राहकाग्राहकांत भेद करता येतो त्यांत पॉवर फॅक्टरचे नाव २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या ६२ व्या कलमाने स्पष्ट घेतले आहे. महाराष्ट्रात २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएच या मापाने, म्हणजे पाणक्याच्या पूर्ण खेपेने होऊ लागली. जेथे असा मीटर नाही, तेथे दोष नाहीसा होत नाही; केवळ त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर, म्हणजे सर्व वीजग्राहकांवर, फाटते. आणि हा बोजा अखेर कोणाच्या दारात उतरतो हे आपण पाहिलेच आहे: २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदीपांची वीज थकबाकीपोटी तोडण्यात आली आणि गावे अंधारात राहिली. दिवे होते, खांब होते. तेलाची तरतूद नव्हती.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. नगरपालिका असो, ग्रामपंचायत असो, वा आपल्या देवस्थानची समिती असो, पथदीपांच्या करारात केवळ वॅट व हमीची वर्षे लिहून भागणार नाही. पॉवर फॅक्टर ०.९५ च्या खाली जाणार नाही, झटक्यांच्या विकृतीची कमाल मर्यादा अमुक राहील, आणि बसविल्यानंतर एका ओळीचे मोजमाप करून दाखविल्यावाचून पैसे मिळणार नाहीत, ही तीन वाक्ये करारात असावी. जुने कपॅसिटर काढून घेण्याची जबाबदारीही नावानिशी लिहावी. जत्रेपुरती रोषणाई करणाऱ्या कंत्राटदारालाही हे विचारण्यास हरकत नाही. मंगेशीच्या दीपस्तंभासारखे सात मजले उजळावयाचे असोत, की गावच्या देवळाची एकुलती दीपमाळ.

तंजावरच्या दगडावर मेंढ्यांची संख्या आहे आणि तुपाचे मापही आहे. बुऱ्हाणपूरच्या कारागिराने पाण्याबरोबर त्याच्या वाटेचीही काळजी वाहिली. दिवा आणि वाट यांचा हिशेब एकत्र मांडण्याची ही शिस्त आपलीच आहे. नव्या दिव्याच्या कराराला ती लावावयाची, एवढेच काय ते आपल्या पिढीचे काम उरले आहे.