नवीन अपडेट आणि खेळाडूची शंका

अंतराळातल्या अगदी सुरुवातीच्या व्हिडिओ गेममध्ये नवीन काही आलं, तर संशय घेण्याचं कारणच नव्हतं. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ रचला. दोन यानं आणि त्यांची झुंज. पडद्यावरचे तारे कसेही विखुरलेले आहेत हे पीटर सॅमसनला खटकलं, म्हणून त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा आणून बसवला. डॅन एडवर्ड्सने मध्यावरच्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिलं. मार्टिन ग्रेट्झने कोंडीतून एकदम दुसरीकडे निसटायची सोय केली. भर टाकणारे आणि खेळणारे एकाच खोलीत होते. नाही पटलं तर तिथल्या तिथे भांडता येत होतं.

पुढे खेळ विकत मिळू लागले. तरी १९८४चा ‘एलिट’ एकदा घरी आणला की तो होता तसाच राहायचा. ही शाश्वती ऑनलाइन खेळांनी काढून घेतली. आता दरमहा पैसे भरायचे, वर्षानुवर्षं काहीतरी कमवायचं, आणि ते कंपनीने एका रात्रीत बदललं तर बघत बसायचं. ‘स्टार वॉर्स गॅलॅक्सीज’मध्ये नेमकं हेच घडलं. नोव्हेंबर २००५च्या सुरुवातीला कंपनीने नवा भाग विकला आणि दोनच आठवड्यांत अख्ख्या खेळाची घडी मोडली. चौतीस व्यवसायांचे नऊ झाले. ज्यांनी महिनोन् महिने एखाद्या कसबात घालवले होते, त्यांचं कसबच नाहीसं झालं. नव्या भागाचे पैसे मागणाऱ्यांना ते परत मिळाले. घातलेला वेळ कोण परत देणार?

या शंकेच्या इतिहासातलं सर्वांत मोठं प्रकरण मात्र आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’चं. २००३पासून चालू असलेल्या या खेळात जहाजं खेळाडूच बांधतात, बाजारभाव तेच ठरवतात, साम्राज्यंही त्यांचीच. २००७मध्ये कंपनीतल्याच एकाने आपल्या गटाला मौल्यवान आराखडे मिळवून दिल्याचं उघड झालं आणि विश्वासाला पहिला मोठा तडा गेला. २००८पासून खेळाडू मतदान करून आपलं प्रतिनिधी मंडळ निवडू लागले. कंपनीला जाब विचारायची अशी रीत या दुनियेत फार कमी ठिकाणी आहे, आणि म्हणून मला तिचं मोल वाटतं.

जून २०११मध्ये ‘इन्कार्ना’ हे अपडेट आलं. यानातून उतरून आपल्या पायांनी चालता येईल, अशी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गोष्ट. हाती लागली एक खोली, तीही एकट्याने फिरायची. सोबत कपड्यांचं दुकान, आणि त्यात साठ डॉलरच्या वर किंमत असलेला एका डोळ्यावरचा चष्मा. त्यातच कंपनीचं अंतर्गत पत्रक फुटलं. त्यातली चर्चा वाचून खेळाडूंना वाटलं, आज चष्मा विकतायत, उद्या लढाई जिंकून देणारी शस्त्रं विकतील. मग खेळातल्या जिटा या सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठेत जमून त्यांनी तिथल्या पुतळ्यावर मारा सुरू केला. पुतळा फुटणारा नव्हताच. राग दिसावा एवढाच हेतू. कंपनीने प्रतिनिधींना तातडीने रेक्याविकला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये प्रमुख हिलमार पेटुर्सन यांनी जाहीर माफी मागितली आणि कंपनी पुन्हा यानांच्या कामाकडे वळली. त्याच महिन्यात सुमारे वीस टक्के कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. वरच्यांच्या निर्णयाची झळ राबणाऱ्यांना बसली, हे या विजयाच्या गोष्टीत सांगायचं राहून जातं.

२०१६मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ने अफाट विश्वाचं आश्वासन दिलं. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एका जागी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. पुढची अनेक वर्षं तो खेळ बनवणाऱ्या छोट्या चमूने फुकट अपडेट देत गमावलेली पत परत मिळवली.

आपल्याकडे शंकेचा हा वारसा मोबाइलवरून आला. सप्टेंबर २०२०मध्ये पबजी या खेळावर भारतात बंदी आली आणि दोनच दिवसांत ‘फौजी’ या देशी खेळाची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ला तो खेळ आला तेव्हा त्यात बंदुकाच नव्हत्या, हाणामारी होती. देशी म्हणून धावलेले अनेक खेळाडू हिरमुसले. त्यानंतर पुण्याच्या सुपरगेमिंगने भविष्यकाळात घडणारा ‘इंडस’ जाहीर केला, तेव्हा त्याच्या वाट्याला त्या निराशेचं ओझंही आलं. ‘कॉस्मियम’ हस्तगत करून सामना जिंकायची त्यातली नवी तऱ्हाही लोकांनी आधी पारखूनच घेतली. २०२३मध्ये निवडक खेळाडूंसाठी चाचण्या उघडल्या आणि १६ ऑक्टोबर २०२४ला खेळ सर्वांसाठी आला. मला हा उशीर योग्य वाटतो.

कारण बालाघाटाच्या रांगेत, कपिलधारच्या आसपासच्या एखाद्या गावातल्या पोराकडे दिवसाचा दीड जीबी डेटा असेल, तर एक मोठं अपडेट तो सगळा खाऊन टाकतं. त्यामुळे तो आधी दुसऱ्या कुणाला खेळताना बघतो, मित्राला विचारतो, कालची कमाई शिल्लक राहणार का याची खात्री करतो, आणि मगच डाउनलोडला हात लावतो.